चांगदेच्या वेढ्यात जाईबाई

जाईबाई गमरे यांना कुठलीही गोष्ट अर्धवट सोडवत नाही, हे आमच्या इमारतीत सगळ्यांना ठाऊक आहे. परळच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांनी आयाबाई म्हणून उभी हयात काढली. पेशंट बरा होऊन घरी गेला की बाकीच्यांचं काम संपायचं, जाईबाईंचं तिथून सुरू व्हायचं. एकदा एक बाई ऑपरेशन होऊन घरी निघाली आणि जाता जाता म्हणाली, की धाकटीचं ठरलेलं लग्न मोडायच्या बेतात आहे. पुढच्या सुट्टीला जाईबाई शीव कोळीवाड्यात तिच्या दारात हजर. लग्न झालं होतं, जावईही बरा निघाला होता. तिथे तळलेले बोंबील खाऊन त्या समाधानाने घरी आल्या. ते कळलं नसतं तर आपल्याला अन्न गोड लागलं नसतं, असं त्या अजून सांगतात.

आता त्या निवृत्त आहेत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. लालबागची आमची चाळ पाडून तिथे बावीस मजल्यांची इमारत उभी राहिली, त्यात सातव्या मजल्यावर त्या मुलगा विकास आणि सून मानसी यांच्याबरोबर राहतात. विकास फोर्टला एका विमा कंपनीत आहे. मानसी एका कंपनीत अकाउंट्स बघते आणि आठवड्यातले दोन दिवस घरून काम करते. चाळीची गॅलरी गेल्यामुळे बायकांची बसायची जागाच गेली होती. ती सोय जाईबाईंच्या हॉलमध्ये झाली, कारण त्यांच्याकडे मोठा टीव्ही होता आणि दुपारी पुरुषमाणूस नसायचा.

त्या टीव्हीवर बायकांना एक चिनी मालिका सापडली. चीन-जपानच्या युद्धातली, हिंदीत आवाज दिलेली. तिचं हिंदी नाव इतकं लांबलचक होतं की सगळ्या जणी तिला नुसतं 'कर्नल' म्हणायच्या. कर्नल शेन हा उंच, देखणा, कायम धुळीने माखलेला माणूस. त्याला आणि शत्रूच्या सेनापतीला एकाच कलाकाराने आवाज दिला असावा, त्यामुळे दोघांची जुंपली की एकच माणूस स्वतःशी भांडतोय असं वाटे. मालिकेत मेई नावाची एक नर्सही होती. ती पट्टी बांधायला लागली की जाईबाईंचा जीव खालीवर व्हायचा. अशी पट्टी बांधली असती तर आमच्या सिस्टरनी हातातला किडनी ट्रे फेकून मारला असता, असं त्या म्हणायच्या. पण बघत मात्र राहायच्या.

त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसायची ती दर्शना. ती मूळची मालवणची. चाळीत दोघींच्या खोल्या समोरासमोर होत्या. दर्शना घरी मालवणी मसाला करून विकते आणि मालिका बघताना मनसोक्त रडते. तिने पहिल्याच आठवड्यात कर्नल शेनला जावई म्हणून पसंत केलं होतं. तिला मुलगी नाही, ही गोष्ट वेगळी.

तर झालं असं, की चांगदे नावाच्या शहराला शत्रूने वेढा घातला. कर्नल शेन आपल्या उरलेल्या माणसांसह नदीकाठच्या मिठाच्या गोदामात अडकला. दारूगोळा संपत आला. मेईने त्याच्याकडे बघितलं, त्याने नदीकडे बघितलं आणि भाग संपला. दुसऱ्या दिवशी दुपारी बायका चहा घेऊन बसल्या, तर पडद्यावर काळी चौकट. व्हिडिओ उपलब्ध नाही. तो चॅनलच कुणीतरी बंद करून टाकला होता.

बाकीच्या जणींनी दोन दिवस हळहळ करून दुसरी मालिका शोधली. जाईबाईंना ते जमेना. माणसं गोदामात अडकलेली आहेत आणि आपण खुशाल कुणाच्या सासूचं कारस्थान बघत बसायचं, हे त्यांच्या बुद्धीला पटत नव्हतं. त्यांनी फोनवर माइकचं बटण दाबून विचारलं, कर्नल शेन वाचला का? फोनने त्यांना जवळपासची चायनीजची दुकानं दाखवली. एक तर खालीच, बसस्टॉपला लागून होतं.

मग त्यांनी मानसीला मधे घेतलं. मानसीने सांगितलं, की मालिका मिळो न मिळो, चांगदेची लढाई खरंच झाली होती, म्हणजे तिची माहिती कुठेतरी असणार. हे ऐकून जाईबाई उठून बसल्या. खरी लढाई असेल तर तिचा शेवट कुणाच्या चॅनलवर अवलंबून नाही, एवढं त्यांच्या लगेच लक्षात आलं. त्या दिवसापासून त्या टीव्हीसमोरून उठल्या आणि मानसीच्या जुन्या लॅपटॉपसमोर बसल्या.

विकासला हे कळलं तेव्हा तो जेवत होता. घास तसाच हातात ठेवून तो म्हणाला, "आई, चायना, मिलिटरी आणि मॅप, हे तीन शब्द एकत्र टाईप करू नकोस. हवं तर एकेक करून कर."

"ऐंशी वर्षांपूर्वीचं युद्ध आहे रे," जाईबाई म्हणाल्या. "मेलेल्या माणसांची काय हेरगिरी करायची?"

विकासचं समाधान झालं नाही. तो स्वभावानेच घाबरट. सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा मागच्या रांगेत, दाराजवळ बसतो. त्याने घरातल्या वायफायचा पासवर्ड बदलला. मानसीने तो आईंना सांगितला.

जुन्या युद्धांचे नकाशे जमवणाऱ्या लोकांचा एक अड्डा इंटरनेटवर जाईबाईंना सापडला. जगभरचे पुरुष तिथे रात्रंदिवस वाद घालत बसलेले असतात. मानसीच्या मदतीने त्यांनी इंग्रजीत प्रश्न टाकला, की मी मुंबईची निवृत्त आया, चांगदेच्या मिठाच्या गोदामातली माणसं वाचली का, कृपया कळवावे. त्यावर पहिल्याने विचारलं, त्या माणसांच्या डोक्यावर शिरस्त्राण कुठल्या बनावटीचं होतं. दुसऱ्याने सांगितलं, जर्मन बनावटीचं. तिसरा म्हणाला, शक्यच नाही. मग त्या तिघांची जी जुंपली ती पुढे कितीतरी दिवस चालली. गोदामातल्या माणसांचं कुणी नाव काढलं नाही. जाईबाई रोज सकाळी चहा घेता घेता ते भांडण वाचायच्या. वॉर्डात तीन डॉक्टर एकाच एक्स-रेवर बोलायला लागले की असंच व्हायचं, असं त्यांनी मानसीला सांगितलं. पेशंट मधे पडलेला असतो, त्याला कुणी पाणी विचारत नाही.

वाट बघून कंटाळल्यावर त्यांनी स्वतःच नकाशा शोधला. सापडलाही. डोळ्यांना बारीक अक्षर दिसत नाही म्हणून तो पेनड्राइव्हवर घेऊन त्या परळच्या एका छपाईवाल्याकडे गेल्या आणि चांगला मोठा काढून दे म्हणाल्या. त्या माणसाचं सगळं आयुष्य वाढदिवसाचे आणि अभिनंदनाचे फलक छापण्यात गेलेलं. मोठा म्हणजे त्याच्या लेखी एकच गोष्ट. संध्याकाळी तो आठ फुटी फ्लेक्स काढायला बसला आणि त्याने जाईबाईंना फोन करून अदबीने विचारलं, कोपऱ्यात कुणाचा फोटो टाकायचा? नको म्हटल्यावर त्याला वाईट वाटलं. निदान खाली 'शुभेच्छुक' म्हणून नाव तरी टाका, असा त्याने आग्रह धरला. तेवढं मात्र राहिलं. 'शुभेच्छुक : जाईबाई गमरे आणि परिवार' असं लाल अक्षरात खाली छापलेला तो चीनचा नकाशा घेऊन त्या टॅक्सीने घरी आल्या, कारण बसमध्ये तो मावला नसता.

घरात जागा नव्हती म्हणून फ्लेक्स लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये अंथरला. बायका भोवती बसल्या. लिफ्टचं दार उघडलं की जेवणाचं पार्सल घेऊन येणारी पोरं डोंगररांगा ओलांडून जायची. सेक्रेटरींनी दोनदा येऊन सांगितलं, की कॉमन पॅसेजमध्ये सामान ठेवायला मनाई आहे. जाईबाई म्हणाल्या, हे सामान नाही, हा प्रदेश आहे. सेक्रेटरींना यावर नियमावलीत काही सापडलं नाही.

अडचण एवढीच होती, की त्या प्रदेशात काहीच जुळत नव्हतं. मालिकेतली मोठी नदी शहराच्या दक्षिणेला. इथे ती बारकी होती आणि भलतीकडून जात होती. भोवती सगळे डोंगर. दर्शनाने चष्मा लावून शोधलं, तिलाही मोठी नदी सापडली नाही. शेवटी जाईबाईंनी त्या अड्ड्यावर नकाशाचा फोटो टाकून विचारलं, नदी कुठे गेली? या वेळी शिरस्त्राणवाल्यांपैकी एकाने तासाभरात उत्तर दिलं. मॅडम, तुम्ही चुकीच्या प्रांतात आहात.

ते चेंगदे होतं. एका अक्षराचा फरक. चांगदेपासून हजार किलोमीटरच्या वर उत्तरेला, पार बीजिंगच्या पलीकडे. तिथे कर्नल शेनच काय, त्याची आठवण काढणारंही कुणी नव्हतं. जाईबाईंनी शांतपणे फ्लेक्स गुंडाळला. दर्शनाने तो मागून घेतला. तेव्हापासून गच्चीवर तिच्या मिरच्या चेंगदेवर वाळतात. प्लास्टिक चांगलं जाड आहे असं ती म्हणते.

पण त्या उत्तर देणाऱ्या माणसाने एक उपकार केला. त्याने सांगितलं, की नावं आजच्या स्पेलिंगने शोधू नका, त्या काळच्या स्पेलिंगने शोधा. अमेरिकन सैन्याने त्या सुमाराला छापलेले चीनचे नकाशे तिकडच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सगळ्यांसाठी फुकट ठेवले आहेत. जपान्यांचे जुने सरकारी कागदही एका ठिकाणी बघायला मिळतात. एकच शहर नकाशावर एका तऱ्हेने लिहिलेलं, वर्तमानपत्रात दुसऱ्या तऱ्हेने, आणि जपानी कागदात तर ते जोतोकु होऊन बसलेलं. मानसी यावर वैतागली. जाईबाईंना मात्र त्यात काही विशेष वाटलं नाही. एल्फिन्स्टन रोड म्हणा नाहीतर प्रभादेवी, उतरायचं एकाच जिन्याने. बोरीबंदर, व्हीटी आणि सीएसएमटी ही तीन वेगवेगळी स्टेशनं आहेत असं समजून कुणी परगावचा माणूस मुंबईत फिरला तर त्याचे जे हाल होतील, तेच आपले झाले, एवढंच त्या म्हणाल्या.

खरं चांगदे सापडलं आणि सगळं जागच्या जागी बसलं. उत्तर काठावर शहर, खाली दक्षिणेला रुंद नदी, पूर्वेकडे दूरवर पसरलेलं सरोवर. छपाईवाल्याने पुन्हा फ्लेक्स काढला. या वेळी त्याने काहीच विचारलं नाही, फक्त चारी बाजूंनी फुलांची नक्षी टाकून दिली. सेक्रेटरींशी पुन्हा वाद नको म्हणून हा नकाशा हॉलच्या भिंतीवर गेला. मानसीच्या टिकल्यांच्या पाकिटातून लाल टिकल्या चिन्यांना मिळाल्या, काळ्या जपान्यांना. मानसीला महिनाभर टिकलीशिवाय ऑफिसला जावं लागलं.

दुपारची बैठक पुन्हा भरू लागली, आता नकाशासमोर. जाईबाई सकाळी वाचायच्या आणि दुपारी सांगायच्या. इंग्रजी, चिनी आणि जपानी मजकूर त्या फोनकडून मराठीत करून घ्यायच्या, आणि फोन जे देईल ते आधी जसंच्या तसं वाचून दाखवायच्या. आमच्या तुकडीने शहराच्या पूर्व तोंडाला चावा घेतला. शत्रूचा डावा पंख खिशात सापडला. आराम स्तंभ उशिरा पोचला. हा आराम स्तंभ बायकांच्या फार मनात बसला. वेढ्यातल्या लोकांना सोडवायला बाहेरून येणारी कुमक म्हणजे तो, हे मानसीने समजावून सांगितलं. पण आराम करत बसले म्हणूनच उशीर झाला, हे दर्शनाचं मत कायम राहिलं.

तीन बाजूंचे कागद तीन गोष्टी सांगायचे. चिनी कागदात शत्रूचे मेलेले जास्त, जपानी कागदात कमी, अमेरिकन तिसरंच. यातलं खरं कुठलं, असं बायकांनी विचारलं. जाईबाई म्हणाल्या, इस्पितळात जळालेली सून आणली की सासू एक सांगते, माहेरचे दुसरं सांगतात, शेजारीण तिसरं. तिघांचंही ऐकायचं आणि मग जखम बघायची. त्यांनी जखम बघितली. आठ हजारांच्या आसपास माणसं त्या शहरात वेढली गेली होती आणि शेवटी काही शे उरली होती. त्या दुपारी चहा कुणीच पूर्ण प्यायलं नाही.

असं सगळं चाललेलं असताना, एका शनिवारी दारावरची बेल वाजली. मानसीने पासपोर्टसाठी अर्ज केला होता, त्याच्या चौकशीला पोलीस हवालदार अजित भोईटे आले होते. दार विकासने उघडलं. भोईटे आत आले, सोफ्यावर बसले, समोर बघितलं, आणि बघतच राहिले. भिंतभर चीनचा सैनिकी नकाशा. त्यावर लाल-काळ्या खुणा आणि बाण. भोवती फुलांची नक्षी.

विकासने पाण्याचा ग्लास पुढे केला, त्यातलं अर्धं पाणी ट्रेमध्ये होतं. साहेब, हा माझ्या आईचा छंद आहे, असं त्याला म्हणायचं होतं. तोंडून बाहेर पडलं ते, "साहेब, ही माझी आई आहे."

"ते कळलं," भोईटे म्हणाले. "हे काय आहे?"

जाईबाईंना कुणीतरी विचारण्याचीच खोटी होती. त्यांनी फूटपट्टी हातात घेतली आणि अगदी सुरुवातीपासून सांगायला घेतलं. भोईट्यांनी मोबाइल बाजूला ठेवला. थोड्या वेळाने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्यांनी विचारलं, बाहेरून मदत का नाही आली? जाईबाईंनी आराम स्तंभाचं सांगितलं. भोईटे उठून नकाशाजवळ गेले. लालबागमध्ये त्यांनी कितीतरी वर्षं विसर्जनाचा बंदोबस्त केलेला. ते म्हणाले, की ऐन गर्दीत जादा माणसं मागवली तर ती निघतात वेळेवर, पण ज्या रस्त्याने ती आत येणार त्याच रस्त्याने लोक बाहेर पडत असतात. माणूस दिसत असतो समोर, हाताच्या अंतरावर, आणि पोचत नाही. नदीच्या रेषेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, पूल कुठे आहे? नकाशात पूल नव्हता. होड्यांनीच जायचं होतं.

"मग होड्या कोणाच्या ताब्यात होत्या?" भोईटे म्हणाले.

हा प्रश्न जाईबाईंना सुचलाच नव्हता. बघून सांगते, असं त्यांनी कबूल केलं. मानसीचे कागद तपासून झाले. शेजारी म्हणून दर्शनाला बोलावलं, तर तिने मानसीपेक्षा जाईबाईंच्या चांगुलपणाबद्दल जास्त सांगितलं. भोईटे गेल्यावर विकास बराच वेळ बाथरूममध्ये तोंड धूत होता.

पुढच्याच आठवड्यात जाईबाईंचा फोन वाजला. तो नेमका विकासने उचलला. पोलीस ठाण्यातून हवालदार भोईटे बोलतोय, आई आहेत का, एवढं ऐकून त्याने फोन आईच्या हातात कोंबला. भोईट्यांना फक्त होड्यांचं काय झालं ते हवं होतं.

त्या होड्याच शोधता शोधता जाईबाईंच्या हाती जे लागलं, ते लागलं नसतं तर बरं झालं असतं. शहरात वेढल्या गेलेल्या सैन्याची रचना एका ठिकाणी दिली होती. त्यात रेजिमेंटचे क्रमांक होते. कर्नल शेनच्या रेजिमेंटचा क्रमांक त्यात नव्हता. त्यांनी दुसरीकडे पाहिलं, तिसरीकडे पाहिलं. शेवटी अड्ड्यावर विचारलं. शिरस्त्राणवाले या वेळी पहिल्यांदाच सगळे एकमताने बोलले. तशी रेजिमेंट तिथे नव्हती. कर्नल शेन नावाचा माणूस नव्हता. मिठाचं गोदामही बहुधा मालिकावाल्यांनीच बांधलेलं असावं.

दोन दिवस त्यांनी बैठक घेतली नाही. गुडघा दुखतोय म्हणाल्या. मानसीला संशय आला, कारण त्या नकाशाकडे पाठ करून बसल्या होत्या. शीव कोळीवाड्यात जायचं आणि तिथे तसं घरच नाही असं कळायचं, तशातली गत. बायकांना सांगावं की नको, यावर त्यांनी फार विचार केला. दर्शनासाठी त्यांचा जीव तुटत होता. कर्नल नदीपार गेला असं एका वाक्यात सांगून टाकलं असतं तर कुणी तपासायला जाणार नव्हतं. पण इस्पितळात त्यांनी एक गोष्ट कटाक्षाने पाळली होती. नातेवाइकाने थेट विचारलं की खोटं बोलायचं नाही, डॉक्टरांना विचारा म्हणून सांगायचं. इथे डॉक्टर त्या स्वतःच होत्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं.

दर्शनाने डोळ्यांवरचा चष्मा काढला. "म्हंजे तो नव्हतोच?" ती म्हणाली. "मगे मी रडलंय कोणासाठी?"

"होते ते वेगळे होते," जाईबाई म्हणाल्या. "त्यांची नावं मी शोधली गं. मोठ्या साहेबाचं नाव मिळतं. बाकीच्यांचे नुसते आकडे आहेत."

"त्यांका मी बघलेलंय तरी खंय?" असं म्हणून दर्शना उठली आणि घरी गेली.

ती बैठकीला आली नाही, दुसऱ्या दिवशी नाही आणि पुढेही बरेच दिवस नाही. लिफ्टमध्ये भेटली तर मजल्याच्या आकड्यांकडे बघत राहायची. जाईबाईंना मनातून वाईट वाटत होतं, पण समजूत काढायला त्या गेल्या नाहीत. शोक झालेल्या माणसाला वेळ द्यावा लागतो, असं त्यांनी मानसीला सांगितलं. मानसी म्हणाली, अहो आई, तो माणूस नव्हताच ना? जाईबाई म्हणाल्या, म्हणून तर जास्त वेळ लागतो, बाराव्या-तेराव्याची सोय नाही.

मग एका दुपारी दर्शना आपण होऊन आली. बसली नाही. दारात उभं राहून तिने विचारलं, की ते जे खरे होते, ते खायचे काय? हे मात्र जाईबाईंनी वाचलं होतं. भात, मिळेल तेव्हा. आणि तो सगळा प्रांत मिरचीचा. तिथली माणसं मिरचीशिवाय जेवत नाहीत.

"मिरची?" दर्शना आत आली. "खंयची? बेडगीसारखी की लवंगीसारखी?"

ते जाईबाईंना माहीत नव्हतं. दोघी लॅपटॉपसमोर बसल्या. संध्याकाळी मानसी आली तेव्हा पडद्यावर एका चिनी अंगणात सुपांतून पसरलेल्या लाल मिरच्या होत्या आणि दर्शना त्यांच्या देठांबद्दल काहीतरी नाराजीने सांगत होती. त्यानंतर कर्नलचं नाव निघालं नाही. ज्यांची नावं नव्हती त्यांच्याबद्दल मात्र दर्शना बारीकसारीक विचारत राहिली. थंडी किती होती, पायात काय होतं, वगैरे. डोळे पुसायची तेव्हा मसाल्याचा हात आहे म्हणायची.

पावसाळा संपता संपता, मालिका परत आली. वेगळ्या चॅनलवर, वेगळ्या नावाने, सगळे भाग. बातमी तळमजल्यावरून वर आली. नको बघायला, असं एक-दोघींचं मत पडलं. पण अर्धवट राहिलेली गोष्ट समोर आलेली असताना जाईबाईंनी ती बघितली नसती तर नवल. सगळ्या जणी बसल्या. विकासही सुट्टी काढून घरी होता. त्याचं म्हणणं, ताप आहे.

कर्नल शेनने गोदामाच्या भिंतीला सुरुंग लावला. मेईला पाठीवर घेऊन तो पोहत नदीपार गेला. पलीकडे कुमक अगदी वेळेवर, बँड वाजवत हजर होती. मग दोघांचं लग्न झालं.

"नदी उत्तरेक कशी इली?" दर्शना म्हणाली. "सूर्य खंय मावळता बघा. हो उलटो पोवता."

मग एकेक जण सुरू झाली. थंडीच्या दिवसात पाण्यातून बाहेर आल्यावर याचे दात कसे वाजत नाहीत? इतके दिवस उपाशी माणसाच्या गालांवर एवढं मांस कुठून? आराम स्तंभ वेळेवर आला हे तर कुणीच सोसायला तयार नव्हतं. मेईने त्याच्या दंडाला शेवटपर्यंत उलटीच पट्टी बांधली होती, हे जाईबाईंनी सगळ्यांच्या नजरेस आणून दिलं. नावं सरकेपर्यंत त्यांनी टीव्ही बंद करू दिला नाही. मग रिमोट मानसीकडे देऊन त्या म्हणाल्या, की आपलं शहर पडलं, तरी आठवडाभरात परत हातात आलं होतं, ते यांनी दाखवलंच नाही.

"आठवडासुद्धा नाही, थोडे कमीच दिवस," आतून विकास म्हणाला. सगळ्या जणी वळून बघायला लागल्या. त्याने पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं. इतके महिने भिंतीपलीकडून तो सगळं ऐकत होता. पुढे मानसीकडून कळलं, की ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत तो चपातीचं शहर आणि भाजीची नदी करून लोकांना समजावून सांगतो.

होड्यांचं पूर्ण उत्तर अजून मिळालेलं नाही. शेवटी जे थोडे नदीपार गेले ते होड्यांनी गेले, एवढं कळलं. पण होड्या कुणाच्या, त्या वल्हवणारे कोण, हे कुठल्याच कागदात नाही. जाईबाईंनी ते जसंच्या तसं भोईट्यांना कळवलं. वल्हवणाऱ्याचं नाव कोण लिहितंय, असं ते म्हणाले.

सध्या जाईबाई हेंगयांगला आहेत. चांगदेच्या पुढच्या वर्षीचा वेढा, त्याच प्रांतात, पण खाली दक्षिणेला. नकाशाचे तुकडे दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून गोळा करून मानसीने जोडून दिले आहेत, आणि मधली शिवण नेमकी नदीवर आली आहे. हा वेढा बराच लांबला होता, त्यामुळे बैठक लवकर संपायची नाही. शेजारच्या इमारतीतल्या दोघी-तिघी नव्याने यायला लागल्यात. त्यांना पहिल्यापासून सांगावं लागतं आणि जुन्या जणी कंटाळतात. त्यातून दर्शनाने बजावून ठेवलंय, की मार्च ते मे तिचे मसाल्याचे दिवस आहेत, तेव्हा काय ते युद्ध चारनंतर सुरू करायचं. तिच्याशिवाय सुरू केलं तर ती परत पहिल्यापासून सांगायला लावेल.